कळलावीचं पाखरू

विजयदुर्गच्या अलीकडे
सडा जिथे समुद्राला बघून मटकन खाली बसतो,
तिथे आमचं उपकेंद्र. दोन खाटा, एक ट्यूबलाइट,
आणि रात्रपाळीच्या नोंदवहीत माझी एक ओळ
जी वरच्या साहेबांना कधीच नको असते:
पाखरू आलं. एक. नऊ चाळीस.

काळ्या पंखांवर लाल, पिवळे, राखी तुकडे,
गोधडीतून उरलेल्या चिंध्या
कुणी घाईत डकवून दिल्यासारखे.
घाडीमावशी झाडू थांबवून म्हणाली,
"कळलावीचा पाकरू ता. घरात घेव नको गो,
भांडणा लागतत."
मी ओंजळीत घेतलं.
भांडायला घरी आहे कोण.

रविवारी सड्यावर गेले.
मे महिन्यात चपलेतून भाजणारा तोच कातळ,
आता खळग्याखळग्यात पाणी, कडेनं सीतेची आसवं,
आणि करवंदीच्या जाळीत कळलावी,
पानांची शेंडी वळवून मिळेल त्याला धरत चढलेली.
तिच्यावर अळ्या. काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या,
लाल टिकल्या लावून. एकोणीस मोजल्या.
जो कंद पोटात गेला तर माणूस उरत नाही,
जो सुईणी अडलेल्या बाईच्या पायाला बांधत,
त्याचं पान त्या निवांत कुरतडत होत्या.

मग पाखाडी उतरून पुळणीवर,
मर्यादवेलीच्या मागे,
होड्या जिथे झापांखाली पावसाळा काढतात,
गडांबीकंदाच्या जाड पात्यांवर
पुन्हा त्याच. त्याच टिकल्या.

ऑगस्टच्या अकराला
सड्यावरची सगुणा झोरे डोलीतून आली,
पुळणीवरची मंदोदरी सारंग रिक्षातून.
दोघींच्या कळा एकाच तासाला, आणि लाइट गेलेली.
बॅटरी माझ्या दातांत.
काचेवर पाखरू येऊन बसलं
तर त्याची सावली अख्ख्या छपराएवढी झाली.
सगुणा ओरडायची थांबली.
"ह्या आमच्याकडला," म्हणाली.
मंदोदरी दात आवळून, "नाय गो, आमच्याकडला."

हेच ते भांडण असावं.

दिवाळीनंतर सड्यावर चिऱ्याची खाण पडली.
यंत्र आधी वरची माती खरवडतं,
असते चारच बोटं.
त्या चार बोटांत कोष झोपलेले असतात
हे मी कंत्राटदाराला सांगितलं.
त्यानं मला चहा पाजला, साखर जास्त घालून.

खड्ड्याच्या भिंती सुरीनं कापाव्या तशा सरळ, लाल.
काठावरच्या ढिगाऱ्यात एक कंद सापडला,
नांगरासारखा दुबेळकी, एक बेळकं मोडलेलं.

घराशी लावू नये म्हणतात.
उपकेंद्रामागे, टाकीच्या गळतीला लावला.
या पावसात वीतभर वर आलाय.
अळी नाही अजून.
नोंदवहीत रोज लिहिते: पाखरू नाही.
ट्यूबलाइट मात्र उजाडेपर्यंत ठेवते.
बिलाचं साहेब विचारतील
तेव्हा विचारतील.