शिक्का

जेसीबी दांडेकर पुलापाशीच अडकला.
त्याच्या सुपड्यातला गुलाल तिथंच, सिग्नलला,
एका पीएमटीच्या टपावर सांडला
आणि मिरवणूक पुढं पायी निघाली.
अकरा मतांनी.
हा आकडा मला गल्लीतल्या पोरांनी तीनदा सांगितला,
जसा काही मी बहिरा आहे.

मी गुडघ्याचं निमित्त करून उंबऱ्यात बसलो होतो.
हलगी आधी कालव्याच्या कडेला वाजली,
मग पिठाच्या गिरणीपाशी, मग गप्प झाली.
तिथनं चढ लागतो.
एकशे चौदा पायऱ्या. नाचणाऱ्यांचा दम तिथंच निघतो.
वर येईस्तोवर वाजवणारे दोघं उरले,
आणि मार्केट यार्डातल्या, तिच्याबरोबर कांदा निवडणाऱ्या बाया.
त्या सगळ्या होत्या.
त्यांना चढाचं काय.

बावीस वर्षं पतसंस्थेत धुमाळ अण्णा.
खुर्चीला त्यांच्या पाठीचा आकार आला होता.
यंदा पहिल्यांदाच अध्यक्षाला थेट मतदान,
आणि वच्छलानं अर्ज भरला.
तोलणार हसले, अडते हसले,
मीही हसलो.
चिन्ह मिळालं कपबशी,
तर म्हणाले, बाई, चहा तरी पाज.
तिनं पाजला. गाळ्यागाळ्यावर जाऊन, घरच्या थर्मासमधनं,
आणि निघताना ज्याला त्याला
पासबुकातली शेवटची नोंद विचारली.
कुणाला सांगता आली नाही.

आता ती दारात.
केसांत गुलाल, भुवयांत गुलाल,
हारांमुळं मान वळत नाही.
कुणी ओरडलं, अध्यक्षीणबाईंना ओवाळा!
पोरगी सासरी, ताट मीच धरलं.
निरांजन वाऱ्यानं दोनदा विझलं.
तिसऱ्यांदा तिनंच हाताचा आडोसा केला.

अर्पिताच्या ऑपरेशनला
अण्णांनी बिनजामीन चाळीस हजार दिले होते.
मी शब्द दिला होता.
पडद्यामागं उभा राहिलो
आणि शिक्का उचलून
विमानावर मारला. नीट, रेघेच्या आत.
शाई पसरू नये म्हणून फुंकरही घातली.

बाया गेल्या. हलगी पायऱ्या उतरली.
हार खुंटीवर मावेनात,
तिनं ते सायकलच्या हँडलला अडकवले.
"पाणी येऊन गेलं का?"
भरलंय म्हणालो. पिंपही, दोन्ही कळश्याही.
ती मोरीत बसून तोंड धुऊ लागली,
गुलाबी पाणी गल्लीच्या गटाराला लागलं.
मग टॉवेल मागता मागता, सहज,
"माझ्या हिशेबानं तेरा व्हायला पाहिजे होती."

मोजणाऱ्याची चूक असेल, म्हणालो.
ती काही बोलली नाही.
तोंड पुसलं. एका कानामागं लाल राहिलंच.
"उद्या आधी अण्णांकडं जायचं.
तुम्ही पण चला."

मी गॅस पेटवला. दोन कप काढले.
एकाचा कान तुटलाय,
तो माझ्याकडं ठेवला.