वरचा ठोका

उद्यमनगरात लेथ सुरू व्हायच्या आत
भूपाल मगदूम गाडी घेऊन आले.
घेऊन म्हणजे, क्रेनला अडकवून.
लाल, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल अशी;
आमच्या गल्लीतला खड्डा बघूनच तिला धाप लागली असती.

अकरा वर्षांची. मीटरवर तीन हजार आठशे बारा.
काच पुसून परत वाचलं. तेवढंच.
आमचा दूधवाला एवढं दोन महिन्यांत करतो.

"आवाज करतीय."
"कसला?"
मगदूमांनी चहाच्या बशीवर नखानं वाजवून दाखवलं:
टिक्, टिक्, टिक्, एक गाळून, टिक्.
गिऱ्हाईक सहसा 'खडखड' म्हणतं,
नाहीतर 'कसातरीच'.
हे मात्र ठोके मोजून आले होते.

पोरानं कॉम्प्युटर लावला.
कॉम्प्युटर म्हणाला, सगळं बरं आहे.
त्याला कान नसतात.

मग मी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला,
टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे बंद.
आधी खाली, चेंबरपाशी.
खालचा ठोका निघाला की मी गिऱ्हाइकाला
आधी खुर्ची देतो, मग आकडा.
खाली शांत.
मग वर, झाकणाच्या कडेनं.
पहिला बरा. दुसरा बरा. तिसऱ्यावर
"हितंच," मगदूम म्हणाले,
चार फुटांवरून, हात पाठीमागं बांधून.

मी डोळे उघडले.
"एकतीस वर्षं शिरोलीला फौंड्रीत होतो.
कास्टिंग टांगायचं, हातोडीनं टोलायचं.
चांगलं असलं की घंटेगत वाजतंय.
आत चीर असली की बद्द.
दिसत नाही वो ती. वाजती."

ऑइलचं झाकण फिरवलं.
बोटावर पिवळट साय आली,
पेट्रोलचा वास मारणारी.
"चालवता किती?"
"मी? आमच्या सन्मतीची गाडी ही.
तो तिकडं जर्मनीत, झाली की नऊ वर्षं.
दर रविवारी फोन करतो. मी गाडी सुरू करतो,
फोन बॉनेटपाशी धरतो.
पाच मिनिटं ऐकतो. मग म्हणतो,
बास अण्णा, बंद करा."

साडेचारशे रविवार.
इंजिन तापायच्या आत दर वेळी चावी उलटी,
वाफेचं पाणी आतल्या आत, पेट्रोल तेलात,
पातळ झालेलं तेल
वरच्या टॅपेटला कसंबसं पोचणारं.
हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं
आणि म्हणालो,
"ऑइल बदलू. मग बाहेर काढू."

दुपारी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो.
मी चालवतोय, ते शेजारी, गुडघे छातीशी,
मांडीवर नॅपकिन, कशासाठी कुणास ठाऊक.
पंचगंगेच्या पुलावर टिक् होतंच.
वडणग्याच्या फाट्यालाही.
केर्ली मागं पडली, काटा मध्यावर आला,
उसाच्या दोन ट्रॉल्यांना वळसा घातला,
चौथा गिअर टाकला
आणि ते बारीक होत होत
कुठं गेलं कळलं नाही.

वाघबीळच्या चढाला मगदूमांनी खिशातून फोन काढला.
बुधवार होता.
तिकडून घाबरा आवाज: "काय झालं अण्णा?"
"काय नाही. ऐक."
आणि म्हाताऱ्यानं हात खिडकीबाहेर काढला,
फोनसकट, वाऱ्यात.
त्या पोराला वाऱ्याशिवाय काय ऐकू गेलं असेल?
बराच वेळ फोन त्यानंही ठेवला नाही.

परत येताना, जोतिबाच्या फाट्याच्या अलीकडं,
उतारावर पाय काढला तेव्हा
तिसऱ्यावर एकदाच, अगदी हळू,
टिक्.
मी त्यांच्याकडं बघितलं नाही.
त्यांनी नॅपकिनची घडी घातली.

बिल केलं. ऑइल, फिल्टर, मजुरी.
"पुढच्या बुधवारी परत आणा," म्हणालो,
"क्रेननं नको.
कुणीतरी चालवत आणा. तुम्हीच आणा."
मगदूम बॉनेटवर हळूच
बोटाच्या पेरानं टोलून बघत होते.