ऊर्फ

मीरेयनं जेवणाच्या टेबलावर कागद पसरलाय,
एक कोपरा वरणाच्या वाटीनं दाबून.
तिच्या बाजूचं झाड कधीच भरलंय.
अकरा पिढ्या, त्रुआ-रिव्हिएरच्या चर्चमधल्या वह्यांतून,
आणि प्रत्येक आईचं माहेरचं नाव जागच्या जागी.
बाई मेली तरी पाद्री तिच्या बापाचंच नाव लिहायचे, म्हणते.

आणि हे मधलं काय? पिकार दी लाफ्लर?
शिपाई होता, मुलगा सांगतो.
फौजेत ज्याला त्याला टोपणनाव. ह्याचं फूल.
का, ते कुणी लिहून ठेवलं नाही.
पुढे अर्धी भावंडं पिकार राहिली, अर्धी लाफ्लर झाली.
दी म्हणजे, आई, आपलं ऊर्फ.

मग त्यात काय नवल.
तू बसली आहेस ते गावच ऊर्फ आहे, सांग तिला.
छावणी पडली ती उठायची राहिली,
तिचंच नाव लष्कर. पलीकडे कंपू.
आमचे कोणी इथे जिन्सीत
दारूगोळ्याचा हिशेब ठेवायचे.
तोफा गेल्या, हिशेब गेला,
आम्ही जिन्सीवाले.

त्याआधी पिंपोडकर, असं नाशिकच्या उपाध्यांची वही म्हणते.
पानाचा फोटो आला तर सगळी मोडी.
वाचणारे एकच उरलेत, दाल बाजारात, ऐंशीचे,
त्यांचं मोतीबिंदूचं होईपर्यंत थांबलो.

आणि मामंजींच्या राशन कार्डावर नुसतं राव.
खिडकीतल्या बाबूनं विचारलं, नाम?
त्र्यंबकराव.
त्यानं ते मधून तोडलं,
त्र्यंबक एका चौकोनात, राव दुसऱ्यात.
दिरांच्या मुली भोपाळला अजून राव आहेत.
आंध्रातली स्थळं यायची त्यांना.

मीरेय हसते, भरभर लिहिते.
मग पेन माझ्याकडे वळतं.
तुम्ही?

आमच्या वंशावळीत बायका नसतात.
गोल असतात, गोलातून गोल निघतात,
सात पिढ्या पुरुषांना पुरुष झाले.
ह्यावर ती हसत नाही.

सहा वर्षांपूर्वी तिनं नाव बदललं नाही
म्हणून महिनाभर मी फोनवर धड बोलले नव्हते.
तिच्या प्रांतात कायदाच तसा आहे,
हे मला मागाहून कळलं.
कळल्यावरही आठवडा घेतला.

मी लग्नात, ताटातल्या तांदळात,
ह्यांच्या अंगठीच्या टोकानं रोहिणी झाले.
त्या तांदळाचा रात्री भात लागला असणार,
सासूबाई काही वाया घालवत नसत.
नाव कुणाच्या पानात गेलं, ठाऊक नाही.

त्याआधी शालन.
शालन अष्टपुत्रे.
आठ पुत्रांचं आडनाव, आणि आम्ही तिघी बहिणी.
अण्णा गेले, पाटी काढली,
भिंतीत चार खिळे राहिले.

तुमची आई?
सांगते.
आईची आई?
माई.
माई काय?
माई म्हणायचे सगळे. आजोबासुद्धा.
उगारची होती. की उगारे होती?
विचारायला धाकटी मावशी होती,
ती गेल्या चैत्रात गेली.

पेन थोडा वेळ हवेत राहतं.

रात्री टेबल आवरताना पाहिलं,
वाटीच्या बुडाचा पिवळा गोल उमटलाय
कागदाच्या अगदी कोपऱ्यात.
त्यात पेन्सिलीनं, तिच्या शिकाऊ देवनागरीत:
माई दी
आणि पुढे कोरं.