बक्कल

पहाटे तळ्यावर धुकं,
कर्ण्यातून गेथिनचा बसलेला आवाज:
पाणी दहा अंश, पोहणं निम्म्यावर आणलंय.
कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिव्या घातल्या.
मी दोन्ही केलं, ओठ न हलवता.

मग शिरलो.
पहिल्या श्वासालाच छाती मिटली
दार आपटावं तशी.
दुसऱ्या नारिंगी फुग्यापर्यंत चेहरा माझा उरला नव्हता,
तिसऱ्यापाशी तो कुणाचा, हेही विसरले.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते.
रोज वीस किलो बटाटे, नळाच्या पाण्यात,
बारा वर्षं वेल्सचे बारा हिवाळे,
म्हणून धरून चालले होते की हात सरावलेत.
हातांना कुणी विचारलं नव्हतं.

सायकलवर पहिला घाट बरा गेला.
चढाला निदान ऊब असते,
माणूस स्वतःच्याच शेगडीवर बसलेला असतो.
खरा काळ उतारावर.
घाम गार होतो, वारा बाहीतून शिरून
एकेक बरगडी मोजून घेतो
आणि ब्रेक धरायला जी बोटं लागतात
ती केव्हाच दुसऱ्या कुणाकडे राहायला गेलेली.
मी तळव्यांनी ब्रेक दाबले, मनगटांनी दाबले,
एका वळणावर नुसत्या ओरडण्यानं.
मेंढ्यांनी माना वर केल्या, चघळणं थांबवलं नाही.
त्यांच्याही पाठीवर निळ्या रंगात नंबर होते.

दुसरा घाट. तिसरा.
पाचव्यानंतर मोजणं सोडलं.
नकाशावर चढ काढतात, वारा काढत नाहीत.
आमच्या गावातून जाताना, खाणीच्या ढिगाऱ्यांखाली,
सातवीची पोरं झाकणं बडवत उभी:
मेरेरिद! सोमवारी कस्टर्ड हवं!
हसायला गेले तर दातखीळ.

एकशे ऐंशी किलोमीटर संपले आणि
सायकल दांडीला टांगली कोपरांनी.
आता हेल्मेट.
हनुवटीखाली बक्कल, पोरांच्या दप्तराला असतं तसलं,
दोन बाजूंनी दाबायचं, बस्स.
दाबलं. काहीच दाबलं गेलं नाही.
गुडघ्यावर टेकून पाहिलं, खांबाला घासून पाहिलं.
हात टेकले म्हणतात,
एवढं एकच त्या हातांना जमत होतं.
माझ्या मागून आलेले तिघं पुढे पळाले.
पुढे बेचाळीस किलोमीटर, डोंगर,
आणि डोक्यावर हे भांडं. असंच पळावं का, वाटलं.

तेव्हा दोरीपलीकडून इदवाल वाकला.
चाळीस वर्षं खाणीत पाट्या सोललेला माणूस,
दोन्ही हात मिळून आठ बोटं.
बाहेरच्यानं हात लावला की स्पर्धक बाद,
नियम मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता.
पंच देलिथ शिट्टी ओठांत धरून चार पावलांवर.
तिला अचानक डोंगरावर काहीतरी दिसलं.
पाठ फिरवून ती बराच वेळ बघत राहिली.
डोंगरावर काही नव्हतं. ढगच होता नुसता.

इदवालनं अंगठा आडवा सरकवला,
दगडाचा पापुद्रा सुटतो तो आवाज,
टक.
मग माझे दोन्ही हात घेतले
आणि स्वतःच्या काखेत दाबून धरले.
बोलला नाही काही. कोटाला मेंढीचा, पाइपचा वास.
किती वेळ, ते माझ्या घड्याळात आहे:
चार मिनिटं, दहा सेकंद.

शिखराचा रस्ता पाचला बंद झाला,
मी पोचले पाच वाजून सहा मिनिटांनी.
खालच्या वाटेनं वळवलं मला,
तळ्याभोवती, डोक्याला दिवा, चिखल,
काही ठिकाणी चालले,
एका ठिकाणी बसले, तेही लिहायला हवं.
रात्री दहा-चाळीसला संपलं.
गळ्यात पदक घातलं, त्याला फीत होती.
बक्कल नव्हतं.

सोमवारी कस्टर्ड केलं. बटाटे सोलले.
दोन्ही करंगळ्या अजून तळ्यातच.
निघताना विचारलं होतं इदवालला, तुझं कसं चालतं?
तो म्हणाला, आठांत भागतं.