खाज्याची गाडी

फोंड्याच्या शोरूममध्ये ती उभी होती,
पांढरी, सीटवरचं प्लास्टिक न काढलेलं,
आरशाला लाल फीत.
सेल्समनने माझ्या हातात चावी दिली, मोबाइल धरला:
"काका, हसा. घ्या, नका घेऊ, फोटो फुकट."
मी हसलो.
साठ हप्त्यांचा कागद तेव्हा त्याच्याच खिशात होता.

घरी तो चुलीपाशी येऊन बसला.
कढईत गूळ फुटत होता, घरभर आलं,
शेवंती दोन बोटांत पाक ताणून बघत होती
आणि मी कॅलेंडरवर जत्रा मोजत होतो.
जुन्या गोव्याचं फेस्त, फातर्पा, म्हार्दोळ,
म्हापशाची मिलाग्रीस, शेवटी शिरगाव.
शिरगावची धग निवते न निवते तोच आगोट.
मग खाज्याला ओल धरते, माटव उतरतो,
चार महिने आम्ही तीळ निवडत बसतो.
हप्ता मात्र छत्री घेऊन येणार, एक तारखेला.
"पण भाड्याच्या टेंपोत गेली बारा वर्षं
आपण दुसऱ्याच्या घाईने घरी येतो,"
शेवंती म्हणाली. कढई उतरवली.

दुसरी गाडी दिवाडीला. रुझारची.
अकरा वर्षं तिने मालिमच्या धक्क्यावरून
मासळी वाहिली.
शेवंती पुढे बसलीच नाही. मागे गेली,
हौद्यात डोकं घातलं, खोल श्वास घेतला.
"बांगडे." जरा थांबून, "आणि सुंगटं."
रुझार ओशाळला.
"हांव फट मारिना, बाये. वास वचना."
मग न विचारता सगळंच सांगत सुटला:
दुसरा गिअर सकाळी रुसतो,
डावं दार आतून लाथेने उघडायचं,
गंज इथे आहे, हात लाव, इथेही.
विकतोस कशाला?
"पहाटे तीनला डोळे उघडतात," तो म्हणाला,
"गुडघे उघडत नाहीत."
शोरूममधल्या पोराने गाडीचा
एकही दोष सांगितला नव्हता. बिचाऱ्याकडे नव्हताच.

फेरीबोटीवर मला चालवायला दिली.
ओहोटी होती, उताराला शेवाळ,
मागे चार स्कूटर, एक नवरदेवाची कार.
क्लच सोडताना माझा पाय थरथरला,
गाडी वीतभर मागे सरली.
कारने हॉर्न वाजवला.
रुझार काही बोलला नाही, खिडकीबाहेर बघत राहिला,
जणू वर्गात मुलाचं उत्तर अडलंय
आणि ते त्याला येतं, हे मास्तरला ठाऊक आहे.
एक कण्हणं. धूर. मग फळीवर चारी चाकं.

भाव शेवंतीने केला.
दहा हजार कमी, वर बर्फाची पेटी, ताडपत्री.
रुझारने डॅशबोर्डवरचा सां आंतोन हलक्या हाताने सोडवला,
रुमालात गुंडाळला:
"हो मात हांव व्हरतलों."
आणि घराकडे चालू लागला, मागे न बघता,
पण सावकाश, गुडघ्यांमुळे.

हौदा आम्ही बिंबलांनी घासला, मग रिठ्यांनी,
तीन दिवस उन्हात उघडा ठेवला.
खाजं डब्यात, डब्यावर झाकण, झाकणावर मेण.
तरी फातर्प्याला दुपार चढली
आणि एकेक करून मांजरं आली,
गाडीखाली गोल बसली,
आलं-गुळाचा वास घेत, निराश, चिकाटीने.
एका पोरीने त्यांना बघायला म्हणून आईला थांबवलं,
पाव किलो गेलं.

शोरूमचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे.
शेवंती म्हणते, पुसू नको, दात चांगले दिसतात.
रात्री माटव आवरून आम्ही निघतो,
कुणाची घाई नाही, दुसरा गिअर आता गरम आहे.
डॅशबोर्डवर गोंदाचा गोल डाग, रुपयाएवढा.
तिथे लावायला तीन देव सुचवले लोकांनी.
अजून तरी काही लावलेलं नाही.