उन्हाचं पथ्य

आशाताई मेंढे वही घेऊन दारात आली.
म्हणे, पंचफुलाबाई, तपासून घे.
म्या म्हटलं, कायले? दुखत तं काहीच नाई.
थे म्हणे, दुखाच्या आधीच पाहा लागते.

उपकेंद्रात पडद्याच्या जागी लुगडं बांधलं होतं.
सिस्टरनं आत सिरका लावला,
लोणच्याच्या वासानं मले हासू आलं.
मंग थे गप झाली.
म्हणे, पांढरं दिसते. कॅन्सर नोये,
त्याच्या आधीची पायरी.

दारव्ह्याच्या खाजगीवाल्यानं
कागदावर पेनानं पिशवी काढली
अन् तिच्यावर फुली मारली.
आमच्या गल्लीत सात बायांच्या गेल्या अशाच,
जशा काही कापूस येचाच्या ओट्या,
सोडल्या अन् झाडल्या.

मोठ्या दवाखान्यात येरावार डॉक्टरीण म्हणे,
सुईतून औषध देऊ, दोन दिस थांबू,
मंग उजीड दाखवू.

उजीड? तठी?
तीन लेकरं आली त्या वाटेनं,
अन् तिचं नाव घ्याले
माह्या तोंडात एक शबुद नाई, शिव्या सोडून.

थे म्हणे, औषध खराब तेवढ्यात मुरते,
उजीड तेवढंच जाळते.
म्या म्हटलं, म्हणजे निंदण.
डॉक्टरीण हासली. हो, निंदणच.

नळी बारीक, उजीड लाल,
फटफटीच्या मागच्या दिव्यासारखा.
मिरच्या कुटल्यावर हात जळते, तसं आत जळलं.
वीस मिनिटं. घरी म्हशीले पाणी कोण पाजलं असंल,
हेच डोक्यात.

सुट्टी देताना म्हणे,
महिनाभर उन्हात जायचं नाई.
वैशाख होता.
नवरा कागद उलटा-पालटा करून पाहे,
ऊन बंद, तं मजुरी?
चाळीस वर्सं उन्हात गेली माही,
सावली लिहून देणारं कोणी भेटलं नोतं.

खिडकीले गोणपाट लावून बसली मी.
टिनाच्या भोकातून कवडसा पडे,
दुपारभर भिंतीवर सरके,
मी त्याच्यापासून बाजू सरकत जाओ,
सुनेवानी.

दिवस बुडाला की बाया येत.
कुंताबाईनं एकदा कानाशी लागून इचारलं,
तठी उजीड पडला तं कसं दिसे वं?
काय सांगू,
मी तं छताकडे पाहत होती.
पंख्यावर चिमणीचं घरटं होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं हाये.
मंगळवारी उपकेंद्रात कॅम्प हाये.
धाकल्या जावेचं नाव लिहून आली मी,
तिले न इचारता.