तुडूम

बत्तीस.
इथवर आलं की मी गोधडीतून हात बाहेर काढते.

मोजायला मी तलावाच्या पाळीवर शिकले.
लग्नाचं पहिलंच वर्ष. धानाला पाणी सोडायचं होतं
आणि तुडमाचा दट्ट्या तळाशी गाळात रुतलेला.
सगळं गाव म्हणालं, चैतरामले बोलवा.
यांनी शर्ट काढून माझ्या हातात दिला,
कानावरची विडी त्याच्याच खिशात ठेवली
आणि पाण्याखाली गेले.
सासू म्हणाली, मोज.
मी चौथी शिकलेली, शंभरापर्यंत येत होतं.
पण त्रेचाळीसला जीभ सुकली,
एक्कावन्ननंतर त्रेपन्न म्हटलं, मग मागे येऊन बावन्न,
एकसष्टला पाणी हललं
आणि वर आले ते हसतच,
दातांत कमळाचा देठ, जसे बाजार करून आलेले.
पाळीच्या पल्याड पाणी सुटल्याचा आवाज,
घळघळ, बांध्यांकडे.

धाप त्यांना पाण्यात कधी लागली नाही.

आता कोरड्या बाजेवर बुडतात.
झोप अजून धड लागलेलीही नसते.
‘उद्या ते जाळं...’ असं काहीतरी अर्धं बोलतात,
शब्द तोंडातच मऊ पडतो,
घोरण्याचा धागा ओढला जातो, लांब, लांब,
आणि तुटतो.
मग काही नाही.
सपरीतला पंखा. बोडीकडे बेडकांचा गलका.
एकोणतीस. तीस.
एकदम उठून बसतात, तोंड उघडं,
पाळीवर टाकलेल्या मरळीसारखं,
हात हवेत काहीतरी धरू पाहतात,
माझं मनगट सापडलं तर मनगट.

‘काय झालं जी?’
‘काही नाही वं. पाय सटकला.’

रोज तेच. पाय सटकला.
जशा काही झोपेला पायऱ्या असतात
आणि त्यातली एक कुणी काढून नेली आहे.

साकोलीच्या डॉक्टरने मानेला टेप लावला, शिंपी लावतो तसा.
म्हणाला, गळ्यातली वाट अरुंद झाली, झोपेत मिटते.
नागपूरला मशीन मिळते, नाकाला नळी लावून झोपायचं.
हे म्हणाले, साहेब, नळी लावून तं मी तलावातही नाही उतरलो.
डॉक्टर हसला नाही.
उताणे झोपू नका, म्हणाला.

मी जुन्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या सोडवल्या,
बनियनला पाठीवर खिसा शिवला, नऊ गोळ्या भरल्या.
उताणं व्हायला गेलं की टोचतात.
‘जाळं बुडावं म्हणून लावते गोळ्या,
अन् तू मले तरंगत ठेवाले लावतं?’
असं म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
घाबरले असतील.
तलावाचं कधी विचारलं नव्हतं,
बाजेचं काय विचारू.

कधी कुशीवरच पहाट होते.
कधी गोळ्यांनाही न जुमानता वळतात,
त्या रात्री मला तो दट्ट्या दिसतो, गाळात, घट्ट,
आणि उतरून तो काढणारा गावात एकच माणूस,
तोच आत अडकलेला.

मागच्या मंगळवारी माझाच डोळा लागला. सतरावर.
दचकून उठले तर श्वास माझा गेलेला,
छातीत ढोल, तोंडाला कोरड,
आणि हे केव्हाचे उठून बसलेले,
माझ्या पाठीवर हात ठेवून
काहीतरी पुटपुटत होते.
कान दिला.
एकोणचाळीस, चाळीस, साठ.
शाळेत कधी गेलेच नाहीत ते.